बोजाऱ्याची वाटणी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मोठ्यांचा पोळा खऱ्या बैलांचा, तान्हा पोळा लेकरांचा. चाकं लावलेला लाकडी बैल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. त्याला दोरी बांधून पोरं-पोरी घरोघर ओढत नेतात. ज्या दारात बैल उभा राहील तिथून लेकरांच्या हातावर काहीतरी पडतंच. कुठे दोन रुपये, कुठे दहाची नोट, कुठे मूठभर मुरमुरे. याला बोजारा म्हणतात.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नवेगावबांधचा तलाव इथून जवळ, भोवती धानाच्या बांध्या, पलीकडे जंगल. तिसरी आणि चौथी माझ्याकडे एकाच खोलीत बसतात. दोन वर्षांपूर्वी तान्ह्या पोळ्यानंतर शाळा भरायच्या वेळी पोहोचले, तर कडुनिंबाखाली पाच जणांची टोळी हमरीतुमरीवर आलेली. मधोमध कंपासपेटी, तिच्यात १४३ रुपये. पाचही जण मिळून फिरले होते, पण बैल तिघांकडेच. बैलवाल्यांचं म्हणणं, पैसे आमच्या बैलांना मिळाले, आम्हाला जास्त पाहिजेत. चौथ्याकडे बैल नव्हता, पण कोणत्या घरून नोट मिळते आणि कोणत्या घरचा कुत्रा चावतो हे त्यालाच ठाऊक. पाचवी पहिलीतली, एका बैलवाल्याची बहीण. ती अर्ध्या वाटेत दमली आणि पुढे भावाच्या कडेवर बसून फिरली. तिचा हिस्सा किती?

"त्याच्यापासी बैलच नोहोता, मॅडम," मला पाहताच एकानं तक्रार मांडली.

प्रत्येकी २८ रुपये, उरले तीन. हिशेब माझ्या डोक्यात तयार होता. दोन पावलं पुढे टाकलीही होती. मग थांबले, "तुम्हीच ठरवा" म्हणाले आणि व्हरांड्यात जाऊन बसले.

मी थांबले ते एका जुन्या पुस्तकामुळे. डी.एड.ला असताना ज्याँ पियाजे हे नाव टिपेच्या पाच गुणांपुरतं माहीत होतं. नैतिक विकासाच्या अवस्था पाठ केल्या, पेपरात लिहिल्या, विसरले. पुष्कळ वर्षांनी नागपूरच्या एका ग्रंथालयात मुलांच्या नैतिक निवाड्यावरचं त्यांचं १९३२ सालचं पुस्तक इंग्रजी भाषांतरात हाती लागलं. शब्दकोश शेजारी ठेवून वाचायला घेतलं आणि चकित झाले. स्वित्झर्लंडमधला एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण त्याच्या पुस्तकाची सुरुवात होते गोट्यांपासून. पियाजे जिनिव्हा आणि न्यूशातेल इथल्या मुलांसमोर गोट्या घेऊन बसत आणि म्हणत, मला हा खेळ शिकव. मुलगा शिकवू लागला की हळूच विचारत, हा नियम केला कुणी? तो बदलता येईल का? बदलला तर तो खरा खेळ राहील का?

लहान मुलं सांगत, नियम वडिलांनी केला, किंवा देवानं केला, तो बदलता येत नाही. गंमत अशी, की नियम अढळ मानणारी हीच मुलं खेळताना मात्र आपापल्या मनानं खेळत आणि शेवटी सगळेच जिंकत. दहा-अकराच्या पुढची मुलं म्हणत, सगळ्यांना मान्य असेल तर नियम बदलू. आणि ही मोठी मुलं नियम पाळण्यात जास्त काटेकोर होती. पियाजेंनी यावरून काढलेला निष्कर्ष मला शिक्षक म्हणून अस्वस्थ करून गेला. मोठ्यांच्या धाकातून आज्ञाधारकपणा येतो; न्यायाची समज मात्र बरोबरीच्या सवंगड्यांशी देवघेव करताना, वाद घालताना, तडजोड करताना येते. मधे मोठा माणूस येऊन निवाडा देऊन गेला, की ती संधी हुकते.

आमच्या आवारातही कंच्यांचे डाव चालतात. मी तेच प्रश्न विचारून पाहिले. पहिलीतला एक म्हणाला, नियम आबानं केला. चौथीतला दुसरा जरा विचार करून म्हणाला, आपसात ठरलं तर बदलते. मी काही संशोधक नाही आणि दोन मुलांच्या उत्तरांवरून काही सिद्ध होत नाही. पण एका हातात पुस्तक आणि समोर ही मुलं, असा तो दिवस मला नीट आठवतो.

पियाजेंची कपांची गोष्टही मी वर्गात सांगते. एका मुलाच्या हातून नकळत दार लागून १५ कप फुटतात. दुसरा मुरंबा चोरताना एक कप फोडतो. जास्त वाईट कोण वागलं? लहान मुलं १५ कपवाल्याकडे बोट दाखवतात, मोठी मुलं मुरंबा चोरणाऱ्याकडे. पुढच्या संशोधकांनी यात दुरुस्ती केली. हेतू चित्रातून स्पष्ट करून दाखवला, तर तीन-चार वर्षांची लेकरंही तो लक्षात घेतात. म्हणजे लहान मूल आपण समजतो त्यापेक्षा शहाणं असतं, फक्त आपला प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचायला हवा.

पियाजेंच्या वाटेनं पुढे गेलेले लॉरेन्स कोलबर्ग. शिकागो विद्यापीठात १९५८ साली पूर्ण झालेल्या त्यांच्या प्रबंधात ७२ मुलगे होते. त्यांचा हाइन्झचा पेच शिक्षकांना माहीत असतो. बायको मरणाच्या दारात, औषधवाला २०० डॉलर खर्चाच्या औषधाचे २,००० मागतो, नवऱ्याकडे जमले १,०००. त्यानं औषध चोरावं का? मुलगा काय उत्तर देतो यापेक्षा त्याची कारणं कोणती, यावर कोलबर्ग यांनी पायऱ्या बसवल्या. कॅरल गिलिगन यांनी १९८२ साली त्यांना रोखठोक विचारलं, की केवळ मुलग्यांना विचारून माणसाच्या नीतीची शिडी कशी बांधता? काळजीची, नात्याची भाषा बोलणाऱ्या मुली त्या शिडीवर खाली का दिसाव्यात?

हा पेच मी वर्गात सांगितला तेव्हा चौथीतली एक मुलगी चटकन म्हणाली, "गावात वर्गणी काढाची ना." चोरी करायची की नाही, या प्रश्नाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. पैसे कमी पडलेत तर गाव आहे ना! हे उत्तर कोणत्या पायरीवर बसवायचं? जोन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मैसूर आणि अमेरिकेतलं न्यू हेवन या दोन शहरांतल्या मुलांना आणि मोठ्यांना प्रश्न विचारून केलेला अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. अडलेल्याला मदत करणं हे आपलं कर्तव्य आहे की ज्याची त्याची मर्जी? गरज जिवावरची नसेल तर अमेरिकेतली बरीच माणसं मर्जी म्हणाली. मैसूरची माणसं लहानसहान गरजेतही कर्तव्य म्हणाली. ते वाचताना मला ती वर्गणीवाली मुलगी आठवली.

पण आपल्याकडचं सगळंच असं सुंदर नाही आणि ते लपवून हा लेख लिहिता येणार नाही.

एलियट ट्युरिएल हे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले संशोधक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपी कसोटी वापरली. मुलाला विचारायचं, बाईंनी परवानगी दिली तर हे चालेल का? अगदी बालवाडीतली मुलंही दोन गोष्टी वेगळ्या काढतात. वर्गात कुठे बसायचं, कपडे कोणते घालायचे हा रिवाज. बाई हो म्हणाल्या तर चालतं. दुसऱ्याला मारणं मात्र बाई हो म्हणाल्या तरी चालत नाही, कारण त्याला दुखतं. म्हणजे चुकीचं काय हे मूल केवळ मोठ्यांच्या तोंडून शिकत नाही. समोरच्याचं रडणं पाहूनही शिकतं.

मी पूर्वी वेगळ्या गावी होते. गावाचं आणि शाळेचं नाव सांगत नाही. तिथे दुपारच्या खिचडीच्या पंगतीत एक मुलगा ताट उचलून दरवेळी दुसरीकडे सरकायचा, कारण शेजारी ठरावीक मोहल्ल्यातला मुलगा बसलेला असायचा. त्याला बाजूला घेऊन विचारलं, "मी परवानगी दिली तर कुणाला ढकलणं चालेल का?" तो लगेच नाही म्हणाला. "चप्पल घालून वर्गात आलास तर?" "तुम्ही म्हटलं तर चालंल." मग विचारलं, "त्याच्या शेजारी बसून जेवलास तर?" तो कितीतरी वेळ खाली पाहत राहिला. शेवटी म्हणाला, "घरी रागावतील." आठ वर्षांचं पोर. शेजारी बसण्यात कुणाला दुखत नाही आणि उठून जाण्यात दुखतं, हे त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं. तरी घरची भीती मोठी होती.

रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांनी ओडिशातल्या भुवनेश्वरच्या जुन्या देवळांच्या वस्तीत आणि शिकागोत केलेलं काम १९८७ साली आलं. भुवनेश्वरमध्ये मुलांना आणि मोठ्यांना अनेक प्रसंग सांगून कोणता अपराध किती गंभीर ते विचारलं. वडील वारले त्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलानं केस कापले आणि कोंबडी खाल्ली, हा प्रसंग तिथे सर्वांत गंभीर ठरला. आज्ञा मोडणाऱ्या बायकोला नवऱ्यानं मारणं मात्र अनेकांना तितकंसं चुकीचं वाटलं नाही. श्वेडर यांचं म्हणणं, नीती आणि रिवाज यांच्यातली ट्युरिएल यांची रेघ सगळीकडे सारखी नसते. समाज ज्याला धर्म मानतो तेच मुलाची नीती होतं. ट्युरिएल यांच्या बाजूच्या संशोधकांना हे मान्य नाही. मी दोघांचं वाचलं आणि दोघांनाही त्या खिचडीच्या पंगतीत पाहिलं. मुलाला आतून खरं कळत असतं, आणि आपण मोठी माणसं त्यावर वर्षानुवर्षं माती लोटत असतो. त्या गावाहून बदली झाली तरी तो मुलगा माझ्या मनातून गेलेला नाही.

आता पुन्हा कंपासपेटीकडे. 'नेचर' या नियतकालिकात २०१५ साली पीटर ब्लेक, कॅथरीन मॅकऑलिफ आणि सहकाऱ्यांचा एक मोठा अभ्यास आला. कॅनडा, भारत, मेक्सिको, पेरू, सेनेगल, युगांडा आणि अमेरिका या सात देशांतल्या मुलांच्या ८६६ जोड्या, वय ४ ते १५. समोरासमोर दोन मुलं, मधे एक यंत्र, दोन्हीकडे ताटलीत गोळ्या. एकाच्या हाती दोन दांडे: हिरवा ओढला तर दोघांना आपापल्या गोळ्या, लाल ओढला तर कुणालाच काही नाही. आपल्याला एक आणि समोरच्याला चार असतील तर? सातही देशांत वय वाढतं तशी मुलं लाल दांडा ओढू लागतात. आपल्यावर अन्याय झाला की तो सगळ्यांनाच बोचतो. उलट आपल्याला चार आणि समोरच्याला एक असेल तर? तेव्हा मोठ्या मुलांनी लाल दांडा ओढल्याचं दिसलं ते फक्त कॅनडा, अमेरिका आणि युगांडात. भारतातल्या मुलांमध्ये ते दिसलं नाही.

हे वाचून आमच्या एका सहकारी गुरुजींना वाईट वाटलं. मला मात्र दुसरी शंका आली. आमच्याकडे पाहुण्या माणसानं दिलेली वस्तू लेकरू परत करत नाही. दिलेलं नाकारणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान, हे आम्हीच त्याला शिकवतो. खिशात घालून पुढे कोपऱ्यावर ते शेजारच्याला अर्धी गोळी देतं की नाही, हे त्या यंत्राला कसं कळणार? माझी शंका चूकही असेल. पण एक गोष्ट त्या अभ्यासानं पक्की करून दिली. 'मला कमी मिळालं' ही तक्रार लवकर आणि सगळीकडे येते. 'मला जास्त मिळालं' हे टोचणं उशिरा येतं आणि ते भोवतालच्या माणसांवर अवलंबून असतं. कडुनिंबाखाली बैलवाल्यांचा आवाज मोठा होता तो यामुळेच.

पालक-सभेत मला हमखास विचारतात, मॅडम, हे सगळं ठीक, पण अभ्यासाचं काय? जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी २०११ साली मुलांच्या सामाजिक-भावनिक शिक्षणाचे २१३ शालेय उपक्रम एकत्र तपासले. एकूण २,७०,०३४ विद्यार्थी. अशा उपक्रमांतल्या मुलांचं वागणं तर सुधारलंच, अभ्यासातल्या कामगिरीतही इतरांच्या तुलनेत ११ शतमकांची वाढ दिसली. एवढं सांगितलं की सभेत शंका उरत नाही.

बक्षिसांबद्दलही माझं मत बदललं. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ साली १८ महिन्यांच्या २४ लेकरांसमोर कपड्यांचे चिमटे खाली पाडले, हात भरलेले असताना कपाटाच्या दाराशी अडल्याचं दाखवलं. २२ लेकरांनी निदान एकदा तरी आपणहून मदत केली. दोन वर्षांनी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मदतीबद्दल खेळणं बक्षीस मिळालेली २० महिन्यांची मुलं नंतर आपणहून मदत करायला कमी उठली. माझ्या वर्गाच्या भिंतीवर चांगल्या वागण्याबद्दल चांदण्या चिकटवायचा तक्ता होता. तो मी काढून टाकला.

सगळ्यांत जास्त मला हलवून गेला तो गोळीचा प्रयोग. वॉल्टर मिशेल यांचा स्टॅनफर्डमधला प्रयोग बहुतेकांना ऐकून माहीत असतो: एक मिठाई आत्ता, की थांबलास तर दोन? थांबणारी मुलं पुढे यशस्वी होतात, असं सांगून आपण मुलांना संयमाचे धडे देतो. पण रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली त्याआधी एक पायरी घातली. २८ लहान मुलांपैकी निम्म्यांना रंगकामासाठी चांगलं सामान आणून देण्याचं वचन दिलं आणि पाळलं. उरलेल्यांना तेच वचन दिलं आणि नंतर 'नाही मिळालं' सांगितलं. मग मिठाई ठेवली. ज्यांना दिलेलं वचन पाळलं ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, ज्यांना दिलेलं मोडलं ती सुमारे तीन मिनिटं. ज्याला दिलेला शब्द मोडल्याचा अनुभव आहे, त्यानं हातातली गोळी खाऊन टाकणं हे शहाणपणच.

रोवणी संपली की आमच्या गावांतली कितीतरी माणसं कामाला बाहेर जातात. कुणी नागपूरला, कुणी हैदराबादला. जाताना लेकराला सांगतात, दिवाळीला येतो, सायकल आणतो. कधी मुकादम पैसे अडकवतो, कधी रेल्वेचं तिकीट मिळत नाही. माझ्या वर्गात एक मुलगा मधल्या सुट्टीत पोषण आहाराचं केळं दोन घासांत संपवायचा आणि दुसऱ्याच्या हातातलंही घ्यायचा. मी त्याला हावरट म्हणून रागावले होते. किड यांचा अभ्यास वाचल्यावर त्याच्या घरी गेले. वडील तीन वर्षांत दोनच दिवाळ्यांना आले होते. त्यानंतर मी त्याला लहान लहान शब्द द्यायला लागले आणि ते काटेकोर पाळायला लागले. सोमवारी तुला चेंडू देईन. सोमवारी चेंडू. त्याला सुधारायला सबंध वर्ष लागलं, पण तो सुधारला.

आपल्याकडे हे काही परदेशी पुस्तकांतूनच आलेलं नाही. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन करण्यात पुढाकार असलेल्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी काढली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल येत नाही तर शाळा त्याच्याकडे जाईल. आधी मूल पाहायचं, मग शिकवायचं. अलीकडे २००९ साली बीड जिल्ह्यात सुरू होऊन पुढे राज्यभर गेलेला शांतिलाल मुथ्था यांचा मूल्यवर्धन कार्यक्रम आहे. त्यातला जोडीनं आणि गटानं बसून बोलण्याचा भाग मला फार मोलाचा वाटतो. भिंतीवर दहा मूल्यांचा तक्ता आमच्याही शाळेत आहे. मुलं तो घडाघडा म्हणून दाखवतात. वक्तशीरपणा, सौजन्यशीलता. १४३ रुपये वाटायच्या वेळी त्यातला एकही शब्द कुणाच्या तोंडी आला नाही.

कोलबर्ग यांनीही पुढे हेच ओळखलं असावं. काल्पनिक पेच सोडून ते खऱ्या शाळेत गेले. १९७४ साली अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये सुरू झालेल्या क्लस्टर स्कूलमध्ये विद्यार्थी आणि शिक्षक एकत्र बसून, प्रत्येकाला एक मत, असे नियम करत. तिथे एका मुलीच्या पर्समधून नऊ डॉलर चोरीला गेले. सभेत मुलांनी ठरवलं, चोर सापडो न सापडो, हे आपल्या सगळ्यांच्या शाळेत घडलंय; प्रत्येकानं १५ सेंट देऊन तिचे पैसे भरून काढायचे. माझी वर्गणीवाली मुलगी तिथे असती तर पहिला हात तिचा वर गेला असता.

कडुनिंबाखालची बैठक २५ मिनिटं चालली. पहिला तास गेला, जाऊ दिला. दोनदा रडारड झाली, एकदा कंपासपेटी लाथाडली गेली. शेवटी पाचही जण माझ्याकडे आले आणि त्यांनी निर्णय सांगितला. बैलाचं भाडं प्रत्येक बैलाला पाच रुपये. उरले १२८. पाचांना प्रत्येकी २५, कडेवर बसलेलीलासुद्धा, कारण तिच्याकडे पाहूनच एका आजीनं दहाची नोट दिली होती. शिल्लक तीन रुपये पुढच्या वर्षीच्या दोरीला. हे सगळं त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं आणि खाली सह्या केल्या. पहिलीतलीनं अंगठा उमटवला.

पुढच्या वर्षी टोळीत दोन जण नवे आले. त्यातल्या एकीनं ते पान वाचून विचारलं, ज्याचे बाबा बैल घेऊ शकत नाहीत त्यानं भाडं का भरायचं? पुन्हा बैठक झाली, या वेळी दहा मिनिटांची. वही अजून माझ्या कपाटात आहे. 'बैलाला पाच रुपये' ही ओळ निळ्या पेनानं खोडलेली आहे आणि खाली सात सह्या आहेत. त्यातल्या तीन बैलवाल्यांच्या.